भरलेला दिवस

१

कपाट उघडलं आणि पाय जागेवर नव्हता.

आता पाय जागेवरून हलला तर त्यात नवल काय, पायाचं कामच ते, असं कुणी म्हणेल. ठाण्यातल्या मंडळींनी तसंच म्हटलं. फोन घेणारा शिपाई चहाचा घोट घेता घेता म्हणाला, "काय गेलं म्हणता? पाय? मग तो चोरीला नाही गेला साहेब, पळाला!" सगळं ठाणं खो खो हसलं. फोनवरचा माणूस मात्र हसला नाही. तेव्हा मोठ्या साहेबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "सावकाशबाईंना पाठवा."

सावकाशबाई हवालदार होत्या. जिना सावकाश चढायच्या, चहा सावकाश प्यायच्या आणि प्रश्न विचारला की समोरच्याचं उत्तर संपल्यावरही थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहायच्या. माणसाला गप्प बसणं अवघड जातं. त्या थोड्या वेळात तो आणखी काहीतरी बोलून जाई, आणि बाईंना बहुतेक वेळा तेवढंच हवं असे. त्यांच्या मागून भरतीला लागलेले लोक फौजदार झाले, बाई हवालदारच राहिल्या. पण हसण्यावारी गेलेलं प्रकरण आलं की साहेबांना त्यांचीच आठवण होई.

पाय गेला होता तो कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यातून. एका धर्मादाय संस्थेचा तो कारखाना. आत शिरलं की सरस, रबर आणि चामड्याचा वास नाकात बसायचा. भिंतीवरच्या फळ्यांवर लहानमोठी पावलं ओळीनं मांडलेली, जशी देवळाबाहेर चपला सोडून माणसं आत गेलेली असावीत, फक्त इथं चपला नेऊन पावलं सोडली होती. तयार झालेले पाय कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात ठेवत आणि कपाटाची किल्ली शेजारच्या खिळ्याला टांगलेली असे.

"किल्ली अशी उघड्यावर?" बाईंनी विचारलं.

"परक्याचा पाय नेऊन कोण काय करणार?" संस्थेचे चिटणीस म्हणाले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीच्या किल्लीचा जुडगा, तो ते बोलताना फिरवत. "प्रत्येक पाय एकेका माणसाच्या मापाचा. दुसऱ्याला तो लाकडाच्या ओंडक्यासारखा. पण बाई, खालचं पाऊल परदेशी होतं. बाजारात त्याला गिऱ्हाईक मिळतं."

"पाय कुणाचा?"

चिटणिसांनी बाकाकडे मान वळवली. तिथं कुबड्या भिंतीला टेकवून एक काटक बाई बसली होती. शहराच्या मोठ्या बागेतली माळीण. मागच्या वर्षी बागेची जुनी भिंत तिच्या अंगावर कोसळली आणि डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. उद्या सकाळी तिची डॉक्टरांसमोर तपासणी होती. कुबडीशिवाय चालून दाखवलं तर बागेतली नोकरी राहणार, नाही तर तिच्या जागी दुसरं माणूस.

"उद्या म्हणजे उद्याच?"

"उद्याच. मुदत एकदा वाढवून घेतली, आता नाही म्हणतात. नवा पाय करायचा तर पंधरवडा जातो." चिटणिसांनी आवाज खाली आणला. "पण काळजी नको. चोर कोण ते मला ठाऊक आहे. माझ्या या कानांनी ऐकलंय."

२

ऐकलं होतं ते असं. काल दुपारी चिटणीस जिना उतरत होते. जिन्याखाली कारखान्यातली पॉलिशवाली फोनवर बोलत होती. पायांना पॉलिश करणं आणि त्यांचे चामडी पट्टे शिवणं हे तिचं काम. ती म्हणाली, "आज दिवस भरला की घेऊन येते. मग काय, सगळं माफ!"

"दिवस भरले, म्हणे!" चिटणीस म्हणाले. "कुणाचे भरले? संस्थेचे? माझे? वर म्हणते, घेऊन येते. वर सगळं माफ. आता राहिलं काय?"

बाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेब, तुम्ही कामावर कसे येता?"

"गाडीनं. का?"

"सहज."

पॉलिशवाली बोलवायच्या आधीच आली. बोटं तपकिरी, कपाळावर आठ्या आणि तोंडाचा पट्टा सुरूच.

"घ्या, ही पिशवी उलटी करा. डबा उघडा. पाय भाजीत कालवला असेल तर बघा. सतरा वर्षं इथं हात काळे केलेत, आता तोंडही काळं करायला निघालेत."

"बस आधी," बाई म्हणाल्या. "काल फोनवर कुणाशी बोलत होतीस?"

"आईशी! दुसरं कोण मला फोन करतंय?"

"काय घेऊन जाणार होतीस?"

"तिचं खोकल्याचं औषध. अहो, ती राहते ट्रामच्या लाइनीच्या पार शेवटच्या थांब्यावर. तिथवरचं भाडं मला रोज कुठलं परवडायला? म्हणून ज्या दिवशी दिवस भरतो त्या दिवशी जाते. काल पोरांच्या शाळेत जाऊन आले, चामड्यासाठी बाजाराच्या दोन खेपा झाल्या, तेव्हाच म्हटलं, आज भरतोय." ती थांबली. बाईंच्या चेहऱ्याकडे बघून तिला काहीतरी उमगलं आणि तिनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! त्यांनी ते दिवस भरले समजलं?"

बाई हसल्या. त्या स्वतः ट्रामनंच फिरत. त्या शहरातल्या ट्राम-बसचं कार्ड असं होतं की चढताना दारातल्या यंत्राला टेकवायचं, भाडं कापलं जायचं, आणि यंत्राच्या काचेवर किती कापलं तो आकडा यायचा. पण एका दिवसात किती कापायचं याला हद्द होती. त्या हद्दीपर्यंत भाडं गेलं की मग दिवसभर कितीही हिंडा, एक पैसा कापला जात नसे. आकड्याच्या जागी काचेवर हिरवा शब्द उमटे, 'माफ'. पहाटे पहिली ट्राम आगारातून निघाली की कार्ड पुन्हा कोरं, पुन्हा पहिल्यापासून मोजणी. लोकांनी या सगळ्याला आपलं सुटसुटीत नाव ठेवलं होतं, दिवस भरणं. "चल, माझा दिवस भरलाय, तुझ्या दारापर्यंत सोडते," असं बायका एकमेकींना सहज म्हणत. गाडीतून फिरणाऱ्याच्या कानावर ते पडलं तर त्याला त्यात खून दिसणारच.

"साहेबांना सांगते मी," बाई म्हणाल्या. "आता मला सांग, पाय शेवटचा कधी पाहिलास?"

"काल सकाळी. आल्या आल्या मीच शेवटचा हात फिरवला आणि कपाटात ठेवला. त्यानंतर कपाट उघडायचं कामच पडलं नाही. आणि कालचा दिवस तरी कसला मेला! गल्लीत नळ फुटला होता, सकाळपासून घरी जाईपर्यंत टाकीत थेंब नाही. हाताचं पॉलिश कोरड्या चिंधीनं पुसून भाकरी खाल्ली. अजून तोंडात वास आहे."

म्हणजे पॉलिशवाली सुटली. चिटणिसांनी घसा खाकरला आणि किल्ल्या खिशात टाकल्या. पण बाहेरचं कुलूप शाबूत होतं, खिडकीचे गज शाबूत होते. पाय नेणारा होता तो घरातलाच, आणि आता त्याच्याकडे बोट दाखवायला कुणी उरलं नव्हतं.

३

बाई बाकावर माळीणबाईंच्या शेजारी जाऊन टेकल्या.

"रडला नाहीत," त्या म्हणाल्या.

"पाय पहिल्यांदा गेला तेव्हा रडून घेतलं. तोच पाय दुसऱ्यांदा गेला म्हणून परत रडायचं का?" माळीणबाईंनी कुबडीच्या मुठीवरून हात फिरवला. "बागेतली गुलाबाची कलमं माझ्या हातची आहेत. हल्ली माझ्या जागी जो येतो तो त्यांना भर दुपारी पाणी घालतो. मुळं शिजतात हो. ते आठवलं की मात्र रात्री उठून बसते."

"पाय घालून पाहिला होता?"

"परवा. इथलेच बूट घातले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. नानांनी केलाय तो, नाव ठेवायला जागा नाही. मग चहा घेता घेता मी म्हटलं, नाना, हे बूट इथंच ठेवा, मला काय करायचे? बागेत मी जन्मात कधी पायात काही घातलेलं नाही. माती ओली आहे का भुसभुशीत आहे ते तळव्याला कळतं, डोळ्याला नाही."

"मग नाना काय म्हणाले?"

"काही नाही. चहा अर्धा ठेवून उठले. काम आठवलं असेल."

नाना म्हणजे तिथले सर्वांत जुने कारागीर. मागच्या खोलीत ते साचे ओतत, आणि त्या खोलीचं एक दार मागच्या बोळात उघडे. बाई गेल्या तेव्हा ते हातात पटाशी घेऊन बसले होते, पण समोर लाकूड नव्हतं. त्यांनी उठून स्टूल पुढं केलं, फडक्यानं पुसलं.

"लोकांचे पाय करता करता माझे गुडघे गेले," ते म्हणाले. "देवाच्या घरचा हिशेब असाच."

"काल दिवसभर कुठं होतात, नाना?"

"इथंच. प्लॅस्टर कालवत होतो, साचे ओतत होतो. दार लावून घेतो मी. ओतताना कुणी आत आलेलं खपत नाही मला."

"दिवसभर?"

"दिवसभर."

बाई बघत राहिल्या. नानांनी पटाशीची धार अंगठ्यावर तपासली. मग म्हणाले, "त्या पोरीला काही करणार नाही ना तुम्ही? पॉलिशवालीला?"

"का करू? तिनं काही केलंय का?"

"नाही, तेच म्हणतो मी."

"घर लांब आहे तुमचं?"

"छे. ट्रामचे दोन थांबे. गुडघे धड असते तर चालत आलो असतो."

"आणि कार्ड सांभाळता का? मी तर दोनदा हरवलं," बाई म्हणाल्या. " एकदा बहिणीला दिलं, तिनं भावाला दिलं, आणि भावानं कुणाला दिलं ते अजून आठवतोय."

नाना पहिल्यांदाच हसले. शर्टाच्या आतल्या खिशावर त्यांनी हात ठेवला. "माझं इथून हलत नाही. बायकोलासुद्धा देत नाही, तिचं तिला घेऊन दिलंय."

बाई उठल्या. दारात पोचल्या तोच पाठीमागून नानांचा आवाज आला, हळू, स्वतःलाच विचारल्यासारखा.

"बाई, पॉलिशवालीला नक्की काही होणार नाही ना?"

४

शेवटचा उरला तो मापवाला. तिशीच्या आतला, चटपटीत. टेबलावर एक यंत्र होतं, त्यानं पायाभोवती प्रकाश फिरवला की माप आपोआप पडद्यावर येई.

"नानांना हे यंत्र आवडत नाही," तो म्हणाला. "म्हणतात, हाताला पाय कळतो, डब्याला काय कळणार? तरी मी माळीणबाईंचं माप दोन्हीकडून घेतलं, बुटात आणि अनवाणी. म्हटलं, नाना, अनवाणी धरा. तर म्हणाले, हल्ली अनवाणी चालतंय कोण, इथं येणारा प्रत्येक माणूस बूट घालून येतो."

"फरक काय पडतो?"

"बुटाला टाच असते ना. तेवढी उंची धरून पाऊल बसवतात. तोच पाय बुटाशिवाय जमिनीवर टेकला की टाच खाली जाते आणि गुडघा मागं ढकलला जातो. सपाट रस्त्यावर घाट चढतोय असं वाटतं. बुटात मात्र एक नंबर चालता येतं."

"हे चिटणिसांना सांगितलंत?"

"नाही हो." त्यानं यंत्राची वायर उगाच गुंडाळली. "नानांशी भांडतो मी, पण तेवढा हलकट नाही. साहेब आधीच टपून बसलेत. मागच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, नानांची नजर गेली, आणखी एक चूक झाली की घरी बसवा. नाना खाली मान घालून ऐकत होते. त्यांनीच मला पहिल्यांदा पटाशी धरायला शिकवलं, बाई."

"नाना काल कितीला बाहेर आले खोलीतून?"

"ते नाही सांगता यायचं. दार बंद होतं. घरी जाताना मात्र आम्ही एकाच ट्रामला होतो, गल्लीच्या तोंडाशी गाठ पडली." तो हसला. "म्हाताऱ्यांची मजा असते बघा. मी कार्ड टेकवलं, माझे कापले. नानांनी टेकवलं, तर हिरवं 'माफ'. म्हटलं, आपणही लवकर म्हातारं व्हावं."

बाई जायला निघून जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवत होत्या. तो पाय तसाच वर राहिला.

म्हाताऱ्यांना त्या शहरात भाडं फुकट नव्हतं. अर्धं होतं. आणि अर्ध्या भाड्याला काचेवर 'सवलत' येई. 'माफ' यायचं एकच कारण होतं.

५

कारखाना सुटायच्या वेळी बाई ट्रामच्या थांब्यावर जाऊन बसल्या. ऊन कललं होतं. बाकावर एक म्हातारं कुत्रं झोपलं होतं, बाईंनी त्याला न उठवता उरलेल्या जागेत स्वतःला बसवलं. नाना आले. बाईंना पाहिलं आणि त्यांची चाल अडखळली, पण ते वळले नाहीत. कुत्र्याच्या पलीकडच्या बाजूला येऊन बसले.

"नाना, तुमच्या घराचे थांबे दोन," बाई म्हणाल्या. "भाडं किती, तर चिल्लर. त्यातही तुम्हाला अर्धं. तेवढ्यात दिवस भरायचा म्हणजे माणसानं सकाळपासून संध्याकाळपर्यंत घर ते कारखाना, कारखाना ते घर असा लंबकासारखा झोका घ्यायला हवा. मग काल संध्याकाळी तुमचा दिवस भरला कसा?"

नाना कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

"आदल्या दिवशीचा शिल्लक असेल म्हणावं, तर पहाटे कार्ड कोरं होतं. दुसऱ्या कुणी वापरलं असेल म्हणावं, तर तुम्हीच म्हणालात, बायकोलासुद्धा देत नाही. म्हणजे काल तुम्ही स्वतःच शहरभर हिंडलात. आणि सांगितलंत काय, तर दिवसभर दार लावून प्लॅस्टर कालवलं. काल टाकीत पाणी नव्हतं, नाना. प्लॅस्टर कशात कालवलंत?"

ट्राम आली, थांबली, निघून गेली. दोघंही उठले नाहीत.

"पाय विकायला नेला असता तर एका दुकानात काम झालं असतं. चोर एवढा वणवण फिरत नाही. वणवण फिरतो तो ज्याला काहीतरी हवं असतं आणि मिळत नसतं. परवा माळीणबाई म्हणाल्या की त्या अनवाणी चालतात, आणि तुमचा चहा अर्धा राहिला." बाई थांबल्या. मग हलकेच म्हणाल्या, "पाऊल मिळालं का?"

नानांनी डोळ्यांवर हात घेतला.

"मिळालं," ते म्हणाले. "चार ठिकाणी हिंडलो. सगळीकडं टाचेच्या बुटाचीच पावलं. कारखान्यातून नवं सपाट पाऊल मागवायचं तर चिटणिसांची सही लागते. सही मागायची म्हणजे चूक सांगायची. चूक सांगितली की घरी बसायचं. शेवटी लाइनीच्या टोकाला माझा एक जुना जोडीदार आहे, त्याच्या माळ्यावर एक सापडलं. जुनं आहे, पण सपाट. त्यानं बसवून दिलं. म्हणाला, सरस धरायला एक दिवस जाऊ दे, आज हात लावशील तर निखळेल. म्हटलं, आज जेवणाच्या सुट्टीत जाऊन आणतो, कपाटात ठेवतो, कोणाला कळणारही नाही. तर सकाळीच माळीणबाई पाय न्यायला हजर. कपाट उघडलं, आरडाओरडा झाला, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच."

"आणि पॉलिशवालीचं नाव आलं तेव्हा?"

"तेव्हा तर आणखीच चिकटली," नाना म्हणाले. "सतरा वर्षं शेजारी बसून डबा खाते ती माझ्या. पण तोंड उघडेना. बाई, माणूस इतका भित्रा असतो हे मला या वयात कळलं."

"कळलं ना? मग आता उपयोग करा त्याचा," बाई म्हणाल्या आणि उठल्या. "जोडीदाराचं दुकान उघडं असेल?"

"माझी वाटच बघत असेल तो."

"मग चला. पाय हातात घ्या आणि तोंडही उघडा. मी दोन्हीसाठी सोबत आहे."

६

लाइनीचं टोक म्हणजे सायकली, कुलपं आणि शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्यांची वस्ती. जोडीदाराचं दुकान एवढं अरुंद की बाईंना बाहेर उभं राहावं लागलं. त्यानं पाय फळीवर उभा केला, अंगठ्यानं टाच दाबून पाहिली आणि म्हणाला, "धरलाय. पण नाना, तुझी लाज मात्र अजून ओली दिसते." नानांनी पाय जुन्या चादरीत गुंडाळला आणि तान्ह्या पोरासारखा छातीशी धरला. परतीच्या ट्राममध्ये एका बाईनं जागा करून दिली आणि विचारलं, "मुलगा की मुलगी?" सावकाशबाई म्हणाल्या, "डावा." ती बाई खिडकीबाहेर बघू लागली.

कारखान्यात दिवे लागले होते. बाईंनी मघाशीच फोन करून सगळ्यांना थांबवून घेतलं होतं. नानांनी चादर उलगडून पाय टेबलावर ठेवला, काढलेलं परदेशी पाऊल शेजारी ठेवलं आणि कुणी विचारायच्या आत सगळं सांगितलं. टाचेपासून सांगितलं. मापवाल्याचं ऐकलं नाही तेही सांगितलं. चिटणिसांकडे पाहून नाही, पॉलिशवालीकडे पाहून सांगितलं.

पॉलिशवाली कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"झालं?" ती म्हणाली. "मला चोर म्हणाले तेव्हा तुम्ही आत बसून पटाशीला धार लावत होतात होय?"

"हो."

"उद्यापासून डबा वेगळा खायचा."

"खाईन."

"तुमच्या सुनेच्या हातची चटणी मात्र इकडं पाठवायची. तिचा काय दोष?" तिनं पाय उचलला, जोड दिव्याखाली धरला आणि नाक मुरडलं. "आणि हे पाऊल कुठल्या शतकातलं? पॉलिश बघा कसं उडालंय. असला पाय घेऊन डॉक्टरांपुढं जायचं? द्या इकडं." ती डबी उघडून कामाला बसलीसुद्धा.

चिटणीस किल्ल्या फिरवत होते. "नाना, हे असं परस्पर..." त्यांनी सुरुवात केली.

"साहेब," सावकाशबाई म्हणाल्या, "तक्रार तुमची आहे. मी कागदावर काय लिहू ते सांगा. पाय चोरीला गेला होता, की दुरुस्तीला गेला होता?"

प्रश्न विचारून त्या आपल्या सवयीप्रमाणे बघत राहिल्या. चिटणिसांनी छताकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. मापवाला मध्येच म्हणाला, "यापुढं माप आम्ही दोघं मिळून घेऊ. नाना आणि मी. सही दोघांची." पॉलिशच्या ब्रशचा तेवढा आवाज येत होता.

"दुरुस्तीला," चिटणीस म्हणाले. "पण माळीणबाई उद्या पडल्या तर मात्र मी कुणाचं ऐकणार नाही."

ते खरंच होतं. नव्या पावलावर माळीणबाई अजून एकही पाऊल चालल्या नव्हत्या.

७

तपासणी बागेच्या कचेरीतच होती. लांबट खोली, एका टोकाला टेबलामागे तीन डॉक्टर, दुसऱ्या टोकाला बागेत उघडणारं दार. भिंतीशी नाना, पॉलिशवाली आणि मापवाला उभे होते. सावकाशबाई ठाण्यात जाता जाता डोकावल्या होत्या, निदान त्या तसं म्हणाल्या.

माळीणबाईंनी कुबड्या भिंतीला टेकवल्या.

"बूट?" डॉक्टरांनी विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या.

पहिलं पाऊल पडलं. नाना फक्त टाचेकडे बघत होते. टाच फरशीला टेकली, तळवा टेकला, गुडघा सरळ राहिला. मागं गेला नाही. दुसरं पाऊल. तिसऱ्याला त्या थोड्या झुकल्या, पॉलिशवालीनं मापवाल्याचा दंड असा काही आवळला की त्याच्या शर्टावर पाच तपकिरी बोटं उमटली. मग त्यांना त्या पायाची ओळख पटली असावी. चाल मोकळी झाली. त्या खोलीच्या टोकाला पोचल्या.

"छान," मधले डॉक्टर म्हणाले. "आता वळा आणि परत या."

त्या वळल्या नाहीत. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबल्या, उजवा पाय बाहेर ठेवला, मग डावा, आणि दिसेनाशा झाल्या.

डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं. थोडा वेळ वाट पाहिली. मग मधले डॉक्टर उठून खिडकीशी गेले. माळीणबाई गुलाबाच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसल्या होत्या, आणि कोपरापर्यंत मातीत हात घालून तण उपटत होत्या.

"अहो बाई!" डॉक्टर ओरडले. "तपासणी अजून संपलेली नाही!"

"तुमची नसेल," त्यांनी वर न बघता उत्तर दिलं. "माझ्या मागं इथल्या तणाला वर्षभर कुणी हात लावलेला नाही. तुमचं काय ते लिहून घ्या, आणि त्या दुपारी पाणी घालणाऱ्याला माझ्याकडं पाठवून द्या."